बोलण्याचा खर्च

कांहीं माणसांना तंबाखूचें व्यसन असतें, कांहींना पत्त्यांचें. मला बोलण्याचें आहे. आणि हें व्यसन इतकें विलक्षण कीं, त्याबद्दल मला दरमहा पगार मिळतो. तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. म्हणजे एक घंटा झाली कीं बोलूं लागतों आणि दुसरी होईपर्यंत थांबत नाहीं. घरीं घंटा नसते, त्यामुळें तेथें थांबण्याचें कारणच उरत नाहीं. "तुमच्याशीं भांडायचें म्हटलें तरी आधीं वेळ मागून घ्यावी लागते," असें माझी पत्नी एकदां म्हणाली होती. मीं तें वाक्य एक विनोद म्हणून चारचौघांत पुष्कळदां सांगितलें. तें गाऱ्हाणें होतें हें कळण्यासाठीं मला वयाचें एक्कावन्नावें वर्ष उजाडावें लागलें, आणि वाशिष्ठी नदीला पूर यावा लागला.

आमचें जुनें घर चिपळुणांत, नदीपासून हांकेच्या अंतरावर. वडील गेल्यापासून आई आणि माझा धाकटा भाऊ बाळ असे दोघेंच तेथें असतात. बाळचें शिक्षण बेताचें. पंखे, पंप, रेडिओ, जें बिघडेल तें दुरुस्त करणें हा त्याचा धंदा. परंतु त्याचा जीव खरा गुंतलेला एका निराळ्याच छंदांत. सरकारी परीक्षा देऊन त्यानें हौशी बिनतारी चालकाचा परवाना मिळविला आहे. परसांतल्या दोन माडांच्या मध्यें त्यानें एक तांब्याची तार ताणली होती, आणि रात्रीं कानांना यंत्र लावून तो कोठल्या कोठल्या मुलुखांतल्या माणसांशीं बोलत बसे. बोलणें तरी काय? तुमचें ऐकूं येतें, माझें ऐकूं येतें का, हवा कशी आहे! एवढ्यासाठीं पैसे आणि झोप खर्च करणारा माणूस मला खुळाच वाटे. "ज्याला शेजाऱ्याशीं बोलायला विषय नाहीं, तो जपानशीं बोलतो," असें मी त्याच्या तोंडावर म्हणत असें. तो हंसे आणि तार नीट करूं लागे.

पुराच्या तीन वर्षें आधीं आम्हां भावांत एक अंतर पडलें. हें घर विकून टाकावें आणि आईला पुण्यास न्यावें, असें मीं ठरविलें होतें. २००५ सालच्या पुरांत तळमजला बुडाला होता. पुन्हां तसें होणार हें उघड होतें. ओटीवर बसून मीं बाळला हें सर्व दोन तास समजावून सांगितलें. माझा युक्तिवाद बिनतोड होता. अखेरीस तो कांहीं तरी म्हणाला; परंतु तेव्हां माझें उपसंहाराचें वाक्य चाललें होतें, तें मीं पुरें केलें. तो उठून आंत गेला. नंतर गणपतीला जाणें-येणें राहिलें, पण बोलणें प्रकृतीच्या चौकशीपुरतेंच उरलें.

दिनांक २२ जुलै २०२१. त्या वर्षीं महासाथीमुळें आमचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरत. मुलांचे आवाज बंद, चेहरे बंद, आणि मी एकटा बोलणारा. माझ्यासारख्या माणसाला ही योजना गैरसोयीची वाटली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सकाळीं सातच्या सुमारास घरीं फोन लावला. बाळ म्हणाला, "दादा, पाणी ओट्याला लागलंय. ऐक—" आणि मी सूचना देऊं लागलों. आईला आधीं वर ने. विजेचा मुख्य खटका बंद कर. कागदपत्रें पिशवींत घाल. दोन-तीन मिनिटें मी बोललों असेन. थांबलों तेव्हां पलीकडे कोणी नव्हतें. फोन कधीं तुटला होता कोण जाणे.

त्या दिवशीं आणि त्या रात्रीं मीं तो क्रमांक किती वेळां फिरविला त्याची मोजदाद नाहीं. दूरदर्शनवर चिपळुणांतल्या बसगाड्यांचीं टपें पाण्यावर दिसत होतीं. महाडचेंही तेंच. तळिये गांवावर दरड कोसळल्याची बातमी आली. मला मात्र एकच शब्द ऐकूं येत होता: "ऐक." त्यापुढें त्याला काय सांगावयाचें होतें? मीं तें विचारलें नव्हतें. किंबहुना विचारण्यास जागाच ठेवली नव्हती.

आपल्या खिशांतल्या फोनला आपण बिनतारी समजतों, पण त्याचा बिनतारीपणा जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. त्यापुढें सगळा कारभार विजेचा आणि जमिनींतून किंवा पुलावरून गेलेल्या तारांचा. वीज गेली कीं मनोरा कांहीं तास बॅटरीवर तग धरतो. मग जनित्र हवें, जनित्राला तेल हवें, आणि तेल पोंचवायला रस्ता हवा. पुरांत जनित्रच बुडतें, रस्ता खचतो आणि पुलाबरोबर ती कांचेच्या तंतूची तारही तुटते. एखादा मनोरा उभा राहिलाच, तर अवघें गांव एकाच वेळीं त्यावर तुटून पडतें आणि कोणाचेंच बोलणें पार होत नाहीं. २०१७ सालीं मारिया वादळानें प्वेर्तो रिको बेटावरचे शेंकडा नव्वदांहून अधिक मनोरे असेच बंद पाडले. तेव्हां अमेरिकन रेडक्रॉसला तेथें पाठविण्यासाठीं पन्नास हौशी बिनतारी चालक मागवावे लागले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेनवाला एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. आवाज वृद्ध, पण ठाम. "आपल्यासाठीं चिपळुणाहून बिनतारी निरोप आहे. शब्द चौदा. वाचूं?" मीं होय म्हटलें. त्यांनीं तो शब्दाशब्दावर थांबत दोनदां वाचला. "आई सुखरूप. माडीवर आहोंत. पाणी अकराव्या पायरीवर, वाढत नाहीं. तांदूळ कोरडे. काळजी नको. बाळ."

मी खालीं बसलों. मग, संवयीप्रमाणें, बोलूं लागलों. त्यांनीं मला फार सौम्यपणें थांबविलें. "प्राध्यापकसाहेब, उत्तर द्यायचें असेल तर वीस शब्दांच्या आंत. तिकडे बॅटरी एकच आहे." मीं पांच मिनिटें मागून घेतलीं. कागदावर लिहिलें, खोडलें, पुन्हां लिहिलें. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सारांशलेखन शिकविणाऱ्या माणसाची ही परीक्षा होती. सूचना गळाल्या, चिंता गळाली, 'मीं तेव्हांच सांगितलें होतें' हेंही गळालें. उरलें तें इतकेंच: "निरोप मिळाला. आईला नमस्कार. काय हवें तें सांग." तासाभरानें उत्तर आलें: "शेजारच्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. बचाव पथकाला कळवा." गोळीचें नांव एकेक अक्षर सुटें करून सांगितलें होतें. मीं तें जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळविलें. तो निरोप सोडला तर त्या दिवशीं माझ्या बोलण्याचा कोणाला कांहीं उपयोग झाला असें म्हणतां येत नाहीं.

घाट मोकळा झाल्यावर, पांचव्या दिवशीं, मी घरीं पोंचलों. गांवभर गुडघा गुडघा चिखल आणि त्याचा तो कुबट वास. लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरांतलीं हजारों पुस्तकें भिजून गेलीं होतीं. लहानपणीं ज्यांच्यामुळें मला वाचनाची गोडी लागली, त्यांतलीं कांहीं त्यांत असतील. आई माडीवर तांदूळ निवडीत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलास? पाय धुवायला पाणी मात्र मागूं नकोस."

संध्याकाळीं बाळनें मला तें यंत्र प्रथमच नीट दाखविलें. किंवा मीं प्रथमच नीट पाहिलें. पुराच्या पहाटे त्यानें मोटारींतली बॅटरी काढून वर आणली होती. "आधीं तांदूळ, मग तुझी बॅटरी," असा आईचा हुकूम, म्हणून ती दुसऱ्या खेपेला. माडांवरची तार वाऱ्यानें तुटून पाण्यांत गेली होती. मग घरांतल्याच विजेच्या जोडणीची तार सोलून त्यानें नवी केली: दोन्हीं बाजूंना सुमारें दहा दहा मीटर, टोकांना प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे, आणि बांधायला आईची वाळवणाची दोरी. एक टोंक माडीच्या खिडकीला, दुसरें शेजाऱ्यांच्या कौलांवर. तार पहिल्यासारखी उंच नव्हती, याचें मला वाईट वाटलें. तो म्हणाला, "उलट बरं झालं. उंच तार लांब फेकते, जपानला बरी. ठेंगणी तार सरळ वर फेकते."

वर म्हणजे कोठें, असें मीं विचारलें. तेव्हां कळलें कीं पोलिसांच्या हातांतल्या यंत्राच्या लहरी साधारणतः नजरेच्या वाटेनें जातात. मध्यें डोंगर आला कीं संपल्या. म्हणून डोंगरमाथ्यावर एक पुनःक्षेपक ठेवतात: एका लहरीवर ऐकावयाचें आणि त्याच क्षणीं दुसरीवर अधिक जोरानें सांगावयाचें, एवढेंच त्याचें काम. तो बंद पडला कीं सारें जिल्ह्याचें दळणवळण मुकें होतें. मग चालकांनीं यंत्रें थेट एकमेकांशीं जोडावयाचीं, जेवढें पोंचेल तेवढें. दुसऱ्यानें तिसऱ्याला सांगावयाचें. आणि इतक्यांत कोणी तरी तात्पुरता पुनःक्षेपक, बॅटऱ्या आणि एक काठी घेऊन डोंगर चढावयाचा. दुरुस्तीचा क्रम ठरलेला: आधीं वीज, मग तार आणि मनोरा, मग एका ठाण्याचा दुसऱ्याशीं सांधा, आणि सर्वांत शेवटीं तुमचे आमचे फोन. परंतु चिपळूण ते पुणें हें सरळ रेषेंत सुमारें ११५ किलोमीटरचें अंतर, आणि मध्यें अख्खा सह्याद्रि. तेथें बाळची लांब लहर उपयोगी पडली. ती डोंगराशीं भांडत नाहीं. ती सरळ आकाशांत जाते, २५० ते ३०० किलोमीटरांवरच्या विद्युद्भारित थरावर आपटते आणि पावसासारखी डोंगराच्या दोन्हीं अंगांना खालीं येते. दिवसा सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर त्यासाठीं बरी, रात्रीं त्याहून लांब.

"मग सकाळींच कां नाहीं सांगितलेंस?" माझ्या स्वरांत तक्रार होती. तो म्हणाला, "दादा, तुझा निरोप तिसऱ्या वर्गाचा होता." मग त्यानें खुलासा केला. संकटांत एक चालक नियंत्रक होतो आणि बाकीचे त्याच्या परवानगीनें बोलतात. पहिला मान प्राणावर बेतलेल्या निरोपाला, दुसरा औषध-अन्न-होड्यांना, तिसरा खुशालीच्या निरोपांना. त्या रात्रीं एका बाळंतिणीचा, एका छपरावर अडकलेल्या कुटुंबाचा, असे निरोप आधीं गेले. मला क्षणभर राग आला. माझी आई तिसऱ्या वर्गांत! मग मीं मनाशीं हिशेब मांडला, आणि त्या रांगेंत मी उभा होतों ती जागा मला कमीपणाची वाटेनाशी झाली.

यंत्राला एक बटण होतें. बाळनें तें माझ्या हातीं दिलें आणि म्हणाला, "दाबलंस तर बोलशील, सोडलंस तर ऐकशील. दोन्हीं एका वेळीं होत नाहीं. म्हणून आपलं संपलं कीं 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं." पुढें तो सहज म्हणून गेला, "ऐकायला हें यंत्र एक-दीड अँपिअर वीज खातं. पुऱ्या जोरानं बोलायला वीस. ह्या बॅटरीवर नुसतं ऐकलं तर दिवसभराची बेगमी. नुसतं बोललं तर दोन तासही नाहीं."

बोलण्याचा असा रोकडा खर्च मीं आजवर कधीं काढला नव्हता. मी गप्प बसलों. बहुधा त्यामुळेंच त्याला पुढचें सांगावेंसें वाटलें. बिनतारीच्या इतिहासांत तो मुरलेला. १९१२ सालच्या एप्रिलांत 'टायटॅनिक' जहाज बर्फाच्या प्रदेशांतून जात असतां जवळच्याच 'कॅलिफोर्नियन' जहाजाच्या चालकानें त्याला बर्फाची सूचना देऊं केली. टायटॅनिकचा चालक तेव्हां उतारूंच्या खासगी तारा किनाऱ्याला पाठविण्यांत गढला होता. त्यानें त्याला मध्यें बोलूं नकोस म्हणून झिडकारलें. थोड्या वेळानें कॅलिफोर्नियनवरच्या त्या एकट्या चालकानें यंत्र बंद केलें आणि तो झोपीं गेला. त्यानंतर कांहीं मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळलें. सर्वांत जवळचे कान तेव्हां मिटलेले होते. दूरच्या 'कार्पेथिया'नें हांक ऐकली, म्हणून सातशेंच्या वर माणसें तरी वांचलीं. पुढें जहाजांवर अखंड ऐकत राहण्याचे नियम झाले, आणि एक फार सुंदर चाल पडली: दर तासाला दोनदां, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें, त्या लहरीवर सर्व जहाजांनीं मौन धरावयाचें आणि फक्त ऐकावयाचें. कोणी क्षीण आवाजांत मदत मागत असेल तर त्याला जागा मिळावी! जहाजांच्या बिनतारी खोल्यांतील घड्याळांवर त्या मिनिटांचे भाग लाल रंगविलेले असत. १९९९ सालीं नवी उपग्रही व्यवस्था पूर्ण अमलांत आली आणि तीं मौनाचीं मिनिटें गेलीं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. अंदमानांत पुष्कळ वर्षें हौशी बिनतारीला परवानगी नव्हती. २००४ सालच्या डिसेंबरांत भारती प्रसाद यांच्या पुढाकारानें दिल्लीहून विशेष परवानगी काढून एक छोटी मंडळी तेव्हांच्या पोर्ट ब्लेअरांत गेली. हेतु निव्वळ हौसेचा. जगभरच्या हौशी लोकांना या दुर्मिळ बेटाशीं बोलल्याचें समाधान हवें होतें. २६ डिसेंबरच्या सकाळीं सुमात्राजवळ प्रचंड भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. फोन बंद पडले. आणि जें यंत्र हौसेसाठीं मांडलें होतें त्यावरून घरोघरचे खुशालीचे निरोप मुख्य भूमीला जाऊं लागले. पुढें त्यांच्यांतील मंडळींनीं सुमारें २७० किलोमीटर दक्षिणेच्या कार निकोबारांत यंत्र नेऊन तेथल्याही लोकांचा आवाज बाहेर पोंचविला. "तुमचें ऐकूं येतें, माझें ऐकूं येतें का" या ज्या संभाषणाला मी हंसत होतों, तीच यांची रोजची तालीम होती. ज्याला रोज ऐकण्याची संवय नाहीं, त्याला संकटांत एकाएकीं ऐकूं येणार नाहीं.

रात्रीं दिवे नव्हते. मेणबत्तीशीं आम्ही दोघे बसलों होतों. मीं त्याला विचारलें, "त्या सकाळीं 'ऐक' म्हणालास. काय सांगायचें होतें?"

"हेंच, कीं फोन गेला तर घाबरूं नको. मी रेडिओवर असेन."

म्हणजे एक दिवस आणि एक रात्र मीं जें भोगलें, तें एका वाक्यानें वांचलें असतें. आणि तें वाक्य त्याच्या ओठांवर होतें. मग मीं आणखी मागें गेलों. "आणि तीन वर्षांपूर्वीं, ओटीवर, शेवटीं काय म्हणाला होतास?"

तो जरा थांबला. "मी विचारलं होतं, आईला विचारलंस का म्हणून."

"आणि तूं? तूं विचारलेंस?"

तो मेणबत्तीकडे पाहत राहिला. त्यानेंही विचारलें नव्हतें. ती घर सोडणार नाहीं, असें त्यानें धरून ठेवलें होतें. तिनें सोडावें, असें मीं. दोघेही तिच्याविषयीं बोलत होतों. आई भिंतीला टेकून बसली होती. तिला झोप लागली आहे असा आमचा समज होता. मीं हांक मारली आणि प्रथमच, मागेंपुढें कांहीं न जोडतां, प्रश्न विचारला: "आई, तुला काय करावंसं वाटतं?"

ती म्हणाली, "आषाढ-श्रावण पुण्याला येईन. रात्रीं पाण्याचा आवाज आतां सोसत नाहीं. पण गणपतीला मला इथं आणून पोंचवायचं. घर विकायचं तें माझ्या मागें विका." मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "हें मी केव्हांच सांगितलं असतं. तुम्ही दोघे थांबाल तर ना!"

तेव्हांपासून ती पावसाळ्याचे दोन महिने आमच्याकडे असते आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यांत आम्ही तिला घरीं पोंचवितों. माडीवर बाळनें एक फळी ठोकून बॅटरीला कायमची जागा केली आहे; तांदुळाचा डबा तिच्या वरच्या फळीवर असतो. मी सुधारलों असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. वर्गांत मात्र तासाचीं शेवटचीं दहा मिनिटें मीं मुलांना देऊन टाकलीं आहेत. पहिले कांहीं दिवस तीं दहा मिनिटें नुसत्या शांततेंत गेलीं, आणि ती शांतता फार जड होती. मग मागच्या बांकावरची एक मुलगी बोलली. तिचा प्रश्न असा होता कीं, गेलीं तीस वर्षें तो मला कोणींच विचारला नव्हता. किंवा कोणी विचारलाही असेल.

घरीं माझें बोलणें लांबूं लागलें कीं पत्नी आतां कांहीं न बोलतां आंगठा वर करून सोडून दाखविते. आत्तांही ती दारांत उभी आहे, आणि हा लेख बराच लांबला आहे. तेव्हां, वाचकहो, येथें बटण सोडतों.